दुसऱ्या खाचेतलं कार्ड

सरकारी कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि गल्लीत सगळे त्याला 'हसूनका' म्हणत. तोंडावर कुणी नाही, पाठीमागे. ओळखपत्राच्या फोटोत दात दिसलेले चालत नाहीत, त्यामुळे दिवसभर त्याच्या तोंडी एकच पाठ असे: "हनुवटी जरा खाली. दोन्ही कान दिसू द्या. हसू नका." लहान मूल समोर बसलं तरी सूर तोच, आणि मग मूल भोकाड पसरी. फोटो मात्र असा काढायचा की कचेरीच्या खिडकीतून एकही परत येत नसे. आतले कारकूनच लोकांना सांगत, "हा चालणार नाही. मागच्या गल्लीत जा आणि तिथला घेऊन या."

दुकान वडिलांचं. खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये लाकडी जिना. वर तो, त्याची बायको आणि आई राहत. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता. त्याची फी, त्याचे बूट, त्याचा ताप, सगळं या थोरल्यानंच पाहिलं. वडिलांच्या जागी उभा राहिला तो राहिलाच. धाकटा शिकला, पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळायला लागला, लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला, तरी थोरला त्याच्याशी बोलायचा ते प्रगतिपुस्तक हातात धरल्यासारखाच.

धाकट्याला लहानपणापासून वस्तू उघडायची खोड. घड्याळ, रेडिओ, एकदा तर शेजाऱ्यांची इस्त्री. उघडायचा सगळं, पुन्हा बसवायचा निम्मं. आई म्हणायची, "याला जन्माला येताना स्क्रू-ड्रायव्हरच हातात दिला असणार." ती कौतुकानं म्हणायची. थोरला तेच वाक्य वैतागून म्हणायचा.

दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा पहिली दोन वर्षं थोरल्याची झोप उडाली. गिऱ्हाईक आपापल्या डिस्क घेऊन यायचं, त्यातून व्हायरस यायचा आणि आठवड्याआड यंत्र आजारी पडायचं. शेवटी धाकट्यानं एका सुट्टीच्या दिवशी येऊन सगळं पुसलं आणि लिनक्स नावाची वेगळीच सिस्टिम बसवली.

"याला व्हायरस लागत नाही सहसा," तो म्हणाला.

"केवढ्याला पडलं?"

"फुकट आहे, दादा."

"फुकटचं आहे म्हणजे कधी गळ्यात येईल सांगता येत नाही," थोरला म्हणाला. पण यंत्र चाललं. वर्षभर एकदाही अडलं नाही. थोरल्यानं तसं धाकट्याला कधी बोलून दाखवलं नाही. बायकोला मात्र एकदा म्हणाला, "काम बरं केलंय त्यानं." आपण ते दिराला सांगायला हवं होतं, असं ती पुढे बरेचदा म्हणाली.

कॅमेऱ्यातलं कार्ड वाचायला एक काळा डबा होता. कार्ड रीडर. वायर कॉम्प्युटरला, पुढच्या अंगाला चार खाचा. स्टुडिओच्या कॅमेऱ्याचं कार्ड बिस्किटाएवढं जाड, ते सगळ्यात वरच्या रुंद खाचेत जायचं. घातलं की पडद्यावर कार्डाचं छोटं चित्र उमटायचं, त्यावर टिचकी मारली की फोटो. बाकीच्या तीन खाचांत धूळ बसलेली. त्यांच्या वाटेला थोरला कधी गेला नव्हता.

त्या रविवारी धाकटा बायकोला घेऊन आला आणि बरोबर ऑफिसातून मागून आणलेला एक छोटा कॅमेरा घेऊन आला. म्हणाला, "आईचे फोटो काढू. सबंध शहराचे फोटो या घरात निघाले आणि आईचा एक धड नाही."

खरंच नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. वडिलांनी काढले होते ते सगळे घोळक्यातले, त्यांत ती कुणाच्या तरी खांद्यामागे. थोरल्यानं तिचा एकच काढला होता, पेन्शनच्या कार्डासाठी.

आईनं आढेवेढे घेतले. "चेहरा होता तेव्हा कुणी काढला नाही, आता या सुरकुत्या कशाला मोजताय?" पण आत जाऊन केस विंचरून आली आणि निळा स्वेटर घातला, तोही धुवून ठेवलेला. म्हणजे तिच्याही मनात होतं.

थोरला स्टुडिओतले मोठे दिवे लावायला गेला तर धाकटा म्हणाला, "दिवे नकोत. इथे खिडकीपाशी बसू दे तिला."

"अर्ध्या तोंडावर सावली येईल."

"येऊ दे की."

थोरला पुटपुटला, पण त्या दिवशी त्याचाही मूड बरा होता. दोघांनी आळीपाळीनं फोटो काढले. आई ताठ बसली होती, परीक्षेला बसल्यासारखी. मग धाकट्यानं छाती पुढे काढून, भुवया आवळून हुबेहूब थोरल्याच्या आवाजात म्हटलं, "हनुवटी खाली! हसू नका!" आणि आईला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. दोन्ही सुना हसल्या. थोरलासुद्धा हसला. गल्लीत आपल्याला काय म्हणतात ते त्याला ठाऊक आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

संध्याकाळी धाकट्यानं कॅमेऱ्यातून नखाएवढं कार्ड काढून भावाच्या हातावर ठेवलं. कार्ड त्यानं स्वतः विकत आणलेलं होतं. कॅमेरा सकाळी ऑफिसात परत करायचा होता. "तू छापून ठेव दादा. उद्या कामावरून येतो बघायला."

सोमवारी सकाळी थोरल्यानं रीडरची धूळ फुंकली आणि ते कार्ड खालच्या एका छोट्या खाचेत बसवलं. खाचेशेजारचा हिरवा दिवा लागला. पडद्यावर काहीच आलं नाही. काढून पुन्हा घातलं. सदऱ्याला पुसून घातलं. दिवा लागतो, फोटो नाहीत. मोठं कार्ड वरच्या खाचेत घालून पाहिलं, ते लगेच दिसलं. म्हणजे रीडर ठीक. म्हणजे कार्डच खराब, किंवा त्या खेळण्यासारख्या कॅमेऱ्यानं काही टिपलंच नाही. त्यानं हिशेब मिटवून टाकला.

संध्याकाळी धाकटा आला तेव्हा दुकानात गर्दी होती. कसल्याशा अर्जांची मुदत संपत आली होती आणि माणसं बाकावर, दारात, जिन्याच्या पायरीवर बसली होती. शिवाय एका शाळेच्या ओळखपत्रांचं काम पडद्यावर उघडं होतं, पन्नास-साठ पोरांचे चेहरे, सकाळपासून एकेक नीट कापून लावलेले.

"कार्ड मेलंय तुझं," थोरला म्हणाला.

"दिवा लागतोय ना? मग मेलेलं नाही. जरा बघू दे." धाकट्यानं उभ्या उभ्याच पडद्यावर हुकूम द्यायची काळी खिडकी उघडली आणि तिच्यात काहीबाही टाइप करायला लागला. पांढऱ्या ओळी वर सरकू लागल्या. "हे बघ, रीडर दिसतोय त्याला. पण एकच खाच सापडलीय. बहुतेक बाकीच्या खाचांकडे बघतच नाहीये. कुठेतरी सेटिंग असेल."

"गिऱ्हाईक थांबलंय."

"दोन मिनिटं, दादा."

धाकट्याला वाटलं, रीडरची वायर काढून पुन्हा घालून काही होत नाही तर यंत्रच एकदा बंद करून चालू करावं. त्यानं ते केलं. विचारायला हवं होतं, पण त्याची सवयच ती, हात आधी आणि तोंड मागून. शाळेचं काम थोरल्यानं साठवलेलं नव्हतं. पडदा काळा झाला आणि सकाळपासूनची पोरं गेली.

थोरला बोलला ते सगळ्यांसमोर.

"तुझ्या हातात दिलेली एक गोष्ट कधी धड परत आली नाही. एकही. लहानपणी घड्याळं मोडलीस, तेव्हा पोर म्हणून सोडून दिलं. आता माझ्या पोटावर पाय देतोस?"

"दादा, चुकलं. मी बसतो, सगळं पुन्हा करून देतो."

"काही नको. बाबांनी हे दुकान तुझ्या हातात दिलं असतं तर आज इथे भंगारवाला बसला असता."

बाकावरची माणसं जमिनीकडे बघायला लागली. धाकट्याचे कान लाल झाले. त्यानं हळूच म्हटलं, "कार्ड तरी दे. मी ऑफिसात उघडून बघतो."

"ते राहू दे इथेच. आणखी काही मोडायचं शिल्लक असेल तर आपल्या घरी जाऊन मोड."

धाकट्यानं खुर्चीवरचं जाकीट उचललं आणि माणसांमधून वाट काढत निघून गेला. वर आईला भेटायलाही गेला नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर आई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

रात्री ती जेवताना म्हणाली, "फार बोललास."

"शाळेचं काम गेलं, आई."

"काम पुन्हा होतं."

कामाचं तिचं म्हणणं बरोबर निघालं. बायकोच्या मदतीनं दोन दिवसांत शाळेचं काम पुन्हा उभं राहिलं. पण थोरल्यानं फोन केला नाही. रोज सकाळी वाटायचं आज करू, आणि दुपारपर्यंत वाटायचं, त्यानं करावा, चूक त्याची. कार्ड त्यानं गल्ल्याशेजारच्या खणात, सुट्या बटणांच्या नि जुन्या बल्बांच्या डबीत टाकून दिलं.

आई अधूनमधून विचारायची. जिन्यावरून खाली वाकून, सहज विचारल्यासारखं. "आले का रे फोटो?"

"कार्ड खराब आहे, सांगितलं ना."

"धाकटा म्हणतो, साधी गोष्ट आहे. त्याला बोलाव, तो येईल."

"त्याचं सगळंच साधं असतं."

बायकोनं एकदा सुचवलं, "समोरच्या रस्त्यावर तो नवा स्टुडिओ झालाय, तिथे उघडून बघा की. पाच मिनिटांचं काम." थोरल्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. या गल्लीत तीस वर्षं दुकान चालवलेल्या माणसानं कालच्या पोराच्या दारात जाऊन 'मला हे उघडत नाही' म्हणायचं? नाक राहिलं असतं का? त्या वेळी त्याला नाक फार मोठं वाटलं.

थंडीत आईला खोकला झाला, तो छातीत उतरला. दवाखान्यात नेली. धाकटा रोज यायचा, ऑफिस सुटलं की. थोरला सकाळी बसायचा. दोघं दारात एकमेकांसमोरून जायचे, "ताप आहे का?" "कमी आहे," एवढं बोलायचे. दोन मुलगे एका वेळी खाटेपाशी बसलेले तिला दिसले नाहीत. आठवडाभरात ती गेली.

भिंतीवर लावायला फोटो हवा होता. घोळक्यातले फोटो मोठे केले तर नुसते ठिपके. शेवटी थोरल्यानं पेन्शनच्या कार्डासाठी काढलेला फोटोच मोठा केला. कान दिसतायत, हनुवटी खाली, ओठ घट्ट मिटलेले. नजर सरळ, कुणातरी अनोळखी माणसाकडे बघावं तशी. तो आपणच काढलाय आणि आपणच तिला तसं बसायला सांगितलं होतं, हे त्याला फ्रेम ठोकताना आठवलं. खिळा वाकडा गेला. बायकोनं येऊन हातोडी घेतली.

धाकटा त्या फोटोसमोर उभा राहिला आणि निघून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात एक बाई दुकानात आली. महाविद्यालयाच्या कॉम्प्युटर खोलीतली सगळी यंत्रं ती सांभाळायची. तिच्याकडे नखाएवढं कार्ड होतं, त्यातला तिच्या बहिणीच्या बाळाचा फोटो तिला मोठा करून हवा होता.

"हे इथे चालत नाही," थोरला म्हणाला.

"रीडरला तर खाच दिसतेय."

"खाच आहे. चालत नाही."

"चालत नाही, की दिसत नाही?" बाईनं सरळ विचारलं. मग पडद्याकडे पाहून तिचा चेहरा उजळला. "अरे, लिनक्स! मी बघू का?"

'नको' त्याच्या ओठावर आलं होतं. बायको काउंटरच्या आतून म्हणाली, "बघू द्या." आणि स्वतःच फळी उचलून तिला आत घेतलं. त्याआधी बायकोनं उघडं असलेलं सगळं काम साठवून ठेवलं.

बाईनं कार्ड घातलं, काळी खिडकी उघडली, ओळी वाचल्या. वाचता वाचता मान हलवत होती. "साधं आहे. हा डबा एक दिसतो, पण आतून चार आहेत, प्रत्येक खाच वेगळी. त्यांना नंबर असतात, शून्यापासून. तुमची सिस्टिम शून्य नंबरला विचारते, उत्तर मिळालं की पुढे विचारतच नाही. बरेच जण यात अडकतात." तिनं एक ओळ टाइप केली. "ही आत्तापुरती, पुढच्या खाचेलाही विचार म्हणून." मग एका फाइलमध्ये आणखी एक ओळ घातली. "आणि ही कायमची."

पडद्यावर दुसरं चित्र उमटलं. टिचकी मारताच एक गुबगुबीत बाळ दिसलं.

थोरल्यानं बाळाचा फोटो छापला. रंग नीट, कडा नीट. बाई गेली. मग त्यानं खण ओढला. बटणं आणि बल्ब काउंटरवर ओतले. बायकोनं दुकानाचं अर्धं शटर खाली घेतलं.

कार्ड आत गेलं. दिवा लागला. चित्र आलं.

फोटो सगळेच होते. आई ताठ बसलेली. आई खिडकीकडे वळलेली, अर्ध्या तोंडावर सावली, आणि त्या सावलीनं चेहरा कसा जिवंत झाला होता. आई हसतेय, तोंडावर हात. आई हसतेय, हात खाली, दात दिसतायत, डोळ्यांत पाणी. एकात तो स्वतः होता. आईच्या स्वेटरची कॉलर सरळ करायला वाकलेला, आणि ती त्याच्याकडे बघत होती. तो कधी फोटोत नसायचा, कारण तो नेहमी कॅमेऱ्यामागे. धाकट्यानं कधी टिपला ते त्याला कळलंही नव्हतं.

"हे खणात होतं," तो म्हणाला. "ती वरून विचारत होती आणि हे खाली खणात होतं."

बायको त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. "काही चुकलं नव्हतं कार्डाचं," ती म्हणाली. तिला त्याला बोचायचं नव्हतं. तरी बोचलं.

त्यानं सगळे फोटो छापले, दोन-दोन प्रती, आणि रविवारी बसनं धाकट्याच्या घरी गेला. त्या घरी तो आजवर दोनदाच गेला होता. जिना चढताना दम लागला. दार धाकट्यानंच उघडलं.

"दादा? काय झालं?"

"काही नाही. फोटो आणलेत."

धाकटा सोफ्यावर बसून एकेक बघायला लागला. घाई केली नाही. हसणाऱ्या आईशी आला तेव्हा थांबला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"उघडलं शेवटी," तो म्हणाला.

"एक बाई आली होती. ती म्हणाली, सिस्टिम एकाच खाचेला विचारते..."

"माहीत आहे. मला त्याच दिवशी घरी आल्यावर सापडलं. एका ओळीचं काम होतं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात फोन केला होता तुला सांगायला."

"मला?"

"तूच उचललास. 'गिऱ्हाईक आहे' म्हणालास आणि ठेवून दिलास. मग मी आईला सांगितलं. ती म्हणाली, मी त्याच्या कानावर घालते."

थोरल्याला तो फोन आठवेना. दिवसाला तसे वीस फोन तो ठेवून द्यायचा. त्यानं खूप ताण दिला डोक्याला, पण काही म्हणजे काही आठवलं नाही. जी गोष्ट भावानं वर्षभर मनात ठेवली होती, तिचा याच्याकडे मागमूसही नव्हता.

"तिनं घातलं होतं कानावर," तो म्हणाला. "मीच..."

तेवढ्यात भावजय चहा घेऊन आली, तिनं फोटो पाहिले, डोळे पुसत आत गेली.

"माझं चुकलं," थोरला म्हणाला. भावाला हे शब्द त्यानं आयुष्यात पहिल्यांदा म्हटले. "दुकानात जे बोललो ते. सगळ्यांसमोर."

धाकट्यानं कप खाली ठेवला. "मी न विचारता यंत्र बंद केलं, ते माझं चुकलंच होतं," तो म्हणाला. "त्याचा राग नाही. पण ते बाबांचं बोललास ना, की माझ्या हातात दुकान दिलं असतं तर... ते जात नाही रे डोक्यातून. जायला हवं, मलाही कळतं. पण जात नाही."

"हं."

"आणि आईनं हे बघायला हवे होते."

दोघांनी चहा संपवला.

मग कुठला मोठा करायचा याची चर्चा झाली. थोरल्याला खिडकीकडे वळलेली आई हवी होती. तोंड मिटलेलं, शांत, भिंतीवर शोभेल अशी. धाकट्यानं डोळ्यांत पाणी आणून हसणारी निवडली. त्यात एक हात हलल्यानं पुसट झाला होता आणि कान एकच दिसत होता. थोरल्यानं तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "बरं. हाच करू."

तो फोटो वरच्या खोलीत लागला, पेन्शनच्या कार्डाचा उतरला. धाकटा तो बघायला आला, वहिनीच्या हातचं जेवला. त्यानंतर तो येत राहिला, महिन्या-दोन महिन्यांतून. यायचा तेव्हा जिन्यानं थेट वर जायचा. कॉम्प्युटरला काही झालं आणि वहिनीनं विचारलं तर काय करायचं ते नीट समजावून सांगायचा, फोनवरून, ओळ न ओळ. पण दुकानात कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत मात्र पुन्हा बसला नाही. थोरल्यानं एकदा खुर्ची ओढून दिली, तेव्हा तो म्हणाला, "तूच कर दादा, मी सांगतो." आणि उभा राहूनच सांगत राहिला.